खदानपुऱ्यात नांदताना

सासरचे किस्से सांगायचे नाहीत, असं ठरवून मी माहेरी जाते आणि चहा उकळायच्या आत दोन सांगून मोकळी होते! आमचा खदानपुरा म्हणजे पूर्वी अमरावतीबाहेरची, दगडखाणीवरची वस्ती. आता खाण बंद, वस्ती महापालिकेत, आणि घरामागे पाण्यानं भरलेला भला मोठा खड्डा. माझी ओवी चार वर्षांची. त्यामुळे 'इथून निघायचं, फ्लॅट घ्यायचा' एवढा एकच अजेंडा मी घरात चालवते.

*

लग्नानंतर मी हौसेनं भिंतीवर आरसा लावला. शेजारच्या पंचफुलाबाई दारातूनच ओरडल्या, "काहून टांगला व माय? फुटंन ना!" सुरुंगांच्या हादऱ्यानं इथल्या भिंतींवर म्हणे फक्त कॅलेंडर टिकायचं.

मी समजावलं, "आजी, सुरुंग कधीच बंद झाले."

"तुले सांगतलं कोनं तरी. भिंतीले सांगतलं काय?"

आरसा सध्या कपाटात आहे.

*

वस्ती महापालिकेत आली तेव्हा मांडव घातला होता. पाहुणे माईकवरून म्हणाले, "आजपासून तुम्ही अमरावतीकर झालात! शहरात तुमचं स्वागत!"

जन्मभर खाणीत दगड फोडलेले माझे सासरे उभे राहिले. "साहेब, तुमचं एकएक घर आमच्या खड्ड्यातून निघालं. आमी कुठी आलो? तुमीच वापस आले!"

*

खड्ड्याला जाळी लागावी म्हणून मी महापालिकेत किती खेटे घातले! ओवी पाण्यात पडली, असं स्वप्न तर मला भर दुपारीही पडायचं. अखेर जाळी लागली. मी विजयी मुद्रेनं बघायला गेले, तर तिच्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत गोधड्या!

सासूबाई मनापासून म्हणाल्या, "चांगलं काम केलं सूनबाई. दोऱ्या बांधाचा तरास वाचला!"

*

सुरुंगाआधी शिटी व्हायची. शिटी झाली की जी बाई जवळ असेल तिनं, जे पोर जवळ असेल ते उचलून, जे घर जवळ असेल त्यात घालायचं. तुझं-माझं नंतर! धमाका झाला की एकेकाला विचारायचं, "कोनाचा रे तू?" आणि घरी धाडायचं.

आमचे हे लहानपणी शिटीच्या वेळेला बरोबर भरिताचा वास येणाऱ्या दारापाशी उभे असायचे. सासूबाई अजून म्हणतात, "सुरुंगाच्या दिवशी हा घरी जेवला असंन तं शप्पथ!"

*

परवा ऊन मी म्हणत होतं. मी स्कूटीवरून आले, तोंडाला स्कार्फ, फक्त डोळे उघडे. गाडी लावते तोच कोपऱ्यावरची विजेची डीपी धडाम्‌कन उडाली! मागे वळून पाहिलं तर गल्लीत चिटपाखरू नाही, सगळी दारं बंद. आत्ता इथेच खेळत होती ना ओवी? मी सरळ खड्ड्याकडे धावत सुटले.

वाटेत एक दार उघडलं, एका हातानं माझं मनगट पकडलं आणि मला आत ओढलं. पंचफुलाबाई! खाटेखाली चार-पाच पोरं मुरमुरे खात बसलेली. बाईंनी मलाही खांदा दाबून तिथेच बसवलं, स्कार्फकडे डोळे बारीक करून पाहिलं आणि पोरांना विचारलं, "कोनाची व हे?"

खाटेखालून, मुरमुऱ्यांनी भरलेल्या तोंडानं, ओवी म्हणाली,

"माही हाय, आजी!"