जीपमधला नवसाचा नारळ

मी देवभोळा नाही आणि नास्तिकही नाही. माझी खोड निराळी आहे. कुठल्याही गोष्टीचं "काहून?" विचारल्याशिवाय मला चैन पडत नाही. त्यामुळे गिअरबॉक्स बदलल्यावर आमच्या जुन्या जीपने जो छळ मांडला, त्यात मला काळजीइतकंच कुतूहलही वाटत होतं. काळजी अर्थात खरी होती. आईच्या किडन्या कामातून गेलेल्या, डायलिसिससाठी तिला मेडशीहून वाशीमला न्यावं लागे. एसटीची पायरी चढणं तिच्याने होत नव्हतं. वेळ चुकली की मशीन दुसऱ्या पेशंटला लागे आणि आई दुसऱ्या दिवसापर्यंत धापा टाकत बसे. एकदा तसं झालं होतं आणि मी फार घाबरलो होतो.

जुन्या गिअरबॉक्सचे दात गेले म्हणून गावातल्या मिस्त्रीने भंगारातल्या जीपचा एक बरा गिअरबॉक्स आणून बसवला. गाडी घरी आली तशी आईने तिची पूजा केली, एक नारळ लाल कापडात बांधला आणि डॅशबोर्डखालच्या कप्प्यात आतवर सरकवून ठेवला. गाडीने नीट नेलं-आणलं तर येत्या हनुमान जयंतीला तो मारुतीपुढे फोडायचा, तोवर त्याला हात लावायचा नाही, असा तिचा नवस होता. मी मान डोलावली आणि विसरून गेलो.

गावात जीप झकास चाले. मालेगावच्या अलीकडे खोदून ठेवलेला रस्ता लागतो. तो ओलांडला की तिची लक्षणं बदलत. क्लच दाबूनही पहिला गिअर पडत नसे, रिव्हर्स टाकताना अशी करकर होई की रस्त्यावरची माणसं वळून बघत. पाय क्लचवर असतानाही गाडी हळूच पुढे सरके. इंजिन बंद केलं की मात्र सगळे गिअर निमूट पडत. म्हणजे गिअरबॉक्सचा दोष नाही, क्लच पुरता सुटत नाही, एवढं मला उमगलं. पण का सुटत नाही? मिस्त्रीने क्लचची वायर ताणली, प्लेट उघडून पाहिली, ऑइल बदललं. त्याच्याकडून आणली की गाडी शहाण्यासारखी वागे आणि पुढच्या फेरीला पुन्हा तेच. पेडल मध्येच टणक लागतं असं मी सांगितलं, तर नवं काम आहे, मोकळं होईल म्हणाला. गरम झाल्यावर काही फुगत असेल, असा माझा तर्क. म्हणून मी थंड सकाळीही चालवून पाहिली. तेव्हाही तेच झालं, तर्क फुकट गेला.

त्या दिवशी खोदलेला रस्ता ओलांडून चढाला लागलो, तोच समोर म्हशींचा कळप आला. मी थांबलो आणि पहिला गिअर काही पडेना. इंजिन बंद करून गिअर टाकायचा आणि तसंच स्टार्टर मारायचं, ही माझी युक्ती सपाटीवर चाले, चढावर गाडी नुसते गचके खाई. आईचे पाय सुजले होते, तिला बोलतानाही दम लागत होता. बाजूलाच मारुतीचं ठाणं होतं. माझं देवाकडे लक्षही नव्हतं, मी घड्याळ बघत होतो आणि गाडीला शिव्या देत होतो.

ठाण्यापाशी एक नवरा-बायको मोटारसायकल लावून उभे होते. बाई डोळे पुसत आमच्याकडे आली. इंझोरीहून आलो, लेकराच्या दुखण्याचा नवस फेडायचा होता, पण नारळ नासका निघाला, असं म्हणाली. जवळपास दुकान नव्हतं. तिने विचारलं, "भाऊ, तुमच्या गाडीत नारळ आहे काय?"

तेव्हा मला आईचा नारळ आठवला, पण मी नाही म्हणणार होतो. आईचा नवस मोडून परक्या बाईला नारळ कसा द्यायचा? शिवाय त्या घडीला मला तिचं दुःख ऐकायचंच नव्हतं, खरं सांगतो. पण मागच्या सीटवरून आई म्हणाली, "दे तिले. नवस माहा हाये, देवाले मी सांगतो."

कप्प्यात हात घातला तर नारळ नाही. चाचपत खाली वाकलो, पेडलांच्या मागे हात नेला, आणि हाताला कापड लागलं. क्लचच्या पेडलमागे नारळ घट्ट अडकून बसला होता. लाल कापड ग्रीसने काळं झालेलं. इतके दिवस मी जिवाच्या आकांताने ज्याच्यावर पाय दाबत होतो, तो आईचा नवस होता.

बाईने कापड सोडून नारळ फोडला. पांढराशुभ्र निघाला. अर्धी वाटी तिने आईच्या हातात ठेवली. मी गाडी सुरू केली, क्लच दाबला, तो थेट तळापर्यंत गेला आणि पहिला गिअर आवाजही न करता पडला. आम्ही वेळेत पोचलो.

परतल्यावर मिस्त्रीला सांगितलं, तर तो चपापला. जीपमध्ये बसण्याआधी तो दरवेळी चपला काढून तो नारळ पेडलामागच्या कोपऱ्यातून उचलायचा, कपाळाला लावून आपल्या देवाच्या फोटोपाशी ठेवायचा आणि काम झालं की श्रद्धेने होता तिथेच नेऊन ठेवायचा. म्हणाला, "मले वाटलं, तुमी देवाले तिथंच बसवलं असन."

माझं "काहून?" तिथेच मिटायला हवं होतं. खड्ड्यांनी नारळ खाली पडला, जाताना गचक्यांनी पेडलमागे अडकायचा, येताना गचक्यांनीच सुटून कोपऱ्यात जायचा, सगळा हिशोब लागला. पण त्या बाईचाच नारळ त्याच दिवशी नासका का निघावा, हे मला कुणी सांगितलेलं नाही. आईला विचारलं तर ती म्हणाली, "तो आपल्यासाठी नासला." यावर वाद घालावासा वाटला नाही, याचंच मला नवल वाटतं. ज्याला आपण देवाचं म्हणून धरून बसतो, तेही मागितल्यावर सोडता आलं पाहिजे, एवढं मी त्या चढावर शिकलो. तेही आईने शिकवलं.

आता हात जोडताना ती बाई आठवते. तिला आमच्या क्लचचं काही ठाऊक नाही. ती इंझोरीत शेजारणींना सांगत असेल की नारळ नासका निघाला, रडू आलं, आणि तेवढ्यात देवाने जीप घेऊन एक माणूस पाठवला. तो माणूस मी. आणि मी तर नाही म्हणणार होतो.