बिनसफेद्याची राणी

फोन आला तेव्हा मी पोंभुर्ण्याच्या बाजारात वांगी निवडत होतो. "मास्तर, कमल गेली," एवढंच गोविंदभाऊ बोलले... हातातलं वांगं टोपलीत टाकून मी तसाच निघालो. झाडीपट्टीच्या नाटकांत मी ऑर्गन वाजवतो, आणि कमलबाई आमच्या कंपनीच्या राणी. गोविंदभाऊ त्यांचे यजमान, तलावात जाळं टाकणारे. पावसाळ्यात बाई त्यांच्यासोबत मासे विकायच्या आणि नाटकांचा हंगाम लागला की सिंहासनावर बसायच्या. माझा सूर चुकला की संवाद म्हणता म्हणताच माझ्याकडे बघून डोळे वटारायच्या. अशी बाई एकाएकी गेली, हे अजून माझ्या गळी उतरत नाही.

आमच्याकडे एक रीत आहे. रंगायला बसलं की आधी तोंडाला सफेदा. राजा असो की भिकारी, माणूस आधी गोरा होतो, मग पात्र होतो. कमलबाई काळ्याभोर, म्हणून त्यांना एक थर जास्त. हात आणि मान काळीच राहायची, पण त्याचं कुणालाच काही वाटत नसे. मलाही नाही.

मग आलापल्लीच्या जंगलात एका मालिकेचं शूटिंग आलं. नायिका जंगलातली पोर, आणि तिच्या आईचं काम कमलबाईंना मिळालं. बाई हुरळल्या. उशीर नको म्हणून घरूनच सफेदा थापून गेल्या! दिग्दर्शकानं कपाळावर हात मारला आणि आधी तोंड धुऊन या म्हणाला. धुऊन आल्या, तर शेजारच्या खुर्चीत नायिका म्हणून मुंबईहून आणलेल्या गोऱ्यापान मुलीला दोघंजण तपकिरी रंग फासत होते.

"मास्तर, तिले काळी करून राह्यले होते अन् मले धुवाले लावलं," त्या परत आल्यावर म्हणाल्या. "आपल्या इथी काळ्या पोरी सरल्या का जी?"

आम्ही दोघंही पोट धरून हसलो.

ती मालिका बघायला त्यांच्या अंगणात गल्लीतल्या सगळ्या बाया जमल्या. नायिकेचं नाव कुणी विचारलं नाही. कमलबाई पडद्यावर आल्या आणि शेजारची म्हातारी टीव्हीच्या अगदी जवळ सरकली. "अवं, टीव्हीत आपल्यासारखं तोंड बी चालते?" ती म्हणाली. सगळ्या हसल्या. कमलबाई नाही हसल्या.

त्या हंगामात त्यांनी कंपनीच्या मालकांना सरळ सांगितलं, राणी बिनसफेद्याची करीन. मालक चिडले. "बाई, लोकायले राणी गोरीच लागते."

"लोकायले कधी इचारलं तुमी?"

ऐनवेळी दुसरी राणी मिळेना, म्हणून मालकांनी माघार घेतली. बाई मंचावर आल्या आणि मंडप चिडीचूप झाला. पुढून कुणीतरी ओरडलं, "राणीच्या घरची पावडर सरली का?" हशा पिकला. बाईंनी मान तसूभर वळवली. "प्रधानजी, त्याले भर उन्हात धान कापाले लावा. राणी काळी काऊन, ते समजंल!" आधी बायांच्या बाजूनं टाळ्या आल्या, मग सगळीकडून. पुढं शेवटपर्यंत कुणी चकार शब्द काढला नाही.

तरी पुढच्या हंगामात राणी दुसरीच झाली. कमलबाईंना दासीचं काम मिळालं. तेही त्यांनी सफेद्याशिवायच केलं आणि नंतर कधी तो डबा हाती धरला नाही. पडद्यावर कोण दिसतं यानं बघणाऱ्याला काय फरक पडतो, असं लोक मला विचारतात. मी ती आरोळीही ऐकली आहे आणि त्या टाळ्याही. प्रेक्षक म्हणजे ही दोन्ही माणसं. राग येतो तो त्यांना न विचारता त्यांच्या वतीनं ठरवणाऱ्यांचा.

तेराव्याला फोटो हवा म्हणून चंद्रपूरच्या स्टुडिओत त्यांचा जुना फोटो मोठा करायला दिला. स्टुडिओवाल्यानं न सांगताच तोंड उजळून दिलं. गुलाबी गाल, पांढरीफेक मान... त्यांच्या पोराला फोटो आवडलाही. पाहुणे यायला लागले होते, हार आणून ठेवला होता. गोविंदभाऊंनी उभ्या जन्मात बायकोचं एकही नाटक पाहिलं नव्हतं. ते फोटोसमोर आले, थबकले आणि त्यांनी तो भिंतीकडे तोंड करून ठेवला.

"ही कोन बाई होय?" ते म्हणाले. "हिच्यासंग म्या संसार नाई केला."

त्या दिवशी आम्ही हार नुसत्या पाटावर ठेवला. पुढच्या आठवड्यात न उजळलेला नवा फोटो आला. गोविंदभाऊंनी तो खिडकीपाशी उजेडात नेला, कितीतरी वेळ बघत राहिले, आणि मग पहिल्यांदा रडले.