तेलाच्या दाबाचा काटा

१९९६ च्या जानेवारीत एका शनिवारी सकाळी पावणेसात वाजता मिनियापोलिसजवळच्या ईडन प्रेरीतल्या आमच्या अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये माझ्या गाडीचं इंजिन सुरू झालं नाही. त्याच दिवशी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी आईचं विमान शिकागोला उतरणार होतं. ती पहिल्यांदाच देशाबाहेर येत होती. तिला इंग्रजी येत नव्हतं. मिनियापोलिसचं विमान तिला एकटीने शोधावं लागू नये म्हणून मी शिकागोलाच घ्यायला येतो असं कळवलं होतं. पत्रात लिहिलं होतं: कस्टम्समधून बाहेर आलीस की पहिल्या खांबाजवळ उभी राहा. कोणी काही विचारलं तरी जागा सोडू नकोस. मी पाच वाजता तिथे असेन.

अंतर चारशे मैल. तापमान उणे अठरा फॅरनहाइट, म्हणजे उणे अठ्ठावीस सेल्सिअस.

गाडी १९८९ ची होती, चौकोनी, चारही चाकांना जोर देता येणारी. इंजिन पेट्रोलचं, चार लिटरचं. सहा सिलिंडर एका ओळीत, ब्लॉक म्हणजे इंजिनाचं धड आणि हेड म्हणजे वरचा भाग, दोन्ही बिडाचे, एकशे सत्त्याहत्तर अश्वशक्ती. मी घेतली तेव्हा ती एक लाख अडतीस हजार मैल चालली होती. विकणाऱ्या म्हाताऱ्याने सांगितलं होतं की पत्रा गंजून खाली पडेल, पण इंजिन चालूच राहील. कामावरच्या दोघांनी न विचारता तेच सांगितलं. त्यामुळे नाताळच्या आधी तेलाच्या दाबाचा काटा खाली जाऊ लागला तेव्हा नक्की कोणावर विश्वास ठेवायचा हे मला कळेना.

काटा रस्त्यावर ठीक असे, चाळीसच्या वर. लाल सिग्नलला थांबलं की तो सावकाश खाली येऊन नऊ-दहावर बसे. गाडीबरोबर मिळालेल्या मॅन्युअलमध्ये लिहिलं होतं की इंजिन गरम आणि गाडी उभी असताना दाब किमान तेरा पौंड हवा. म्हणजे काटा इंजिन संपलं म्हणत होता. आवाज मात्र एकसारखा होता, धूर नव्हता, तेल कमी होत नव्हतं. शेजारच्या अपार्टमेंटमध्ये राहणारा माझा नागपूरचा मित्र म्हणाला, "यार, काट्यावर एक टेप लाव. दिसणार नाही, त्रास होणार नाही."

त्याचे वडील तेव्हा सहा महिन्यांसाठी आले होते. एका सरकारी खात्याच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. आयुष्य जीपच्या बॉनेटखाली गेलेलं. जिन्यात रोज सकाळी "जय भीम, काका," "जय भीम, बाबू" एवढंच आमचं बोलणं होई. काट्याचं कळल्यावर ते माकडटोपी आणि तीन स्वेटर घालून खाली आले. त्यांनी स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावली, बराच वेळ ऐकलं.

"तेल कोणतं टाकलं गा?"

मी डबा दाखवला.

"हे तेल आहे का पाणी? म्हाताऱ्या इंजिनाला जाड तेल लागते. पातळ तेल बेअरिंगमधून निसटून जाते, मग दाब कुठून येईल?"

"मॅन्युअलमध्ये पातळच लिहिलंय, काका. थंडीसाठी."

"मॅन्युअल नव्या गाडीचं आहे. गाडी नवी आहे का?"

आम्ही दुकानात गेलो आणि तिथे होतं त्यातलं सर्वांत जाड तेल मागितलं. काउंटरवरच्या माणसाने डबे पाहिले, मग आम्हाला पाहिलं. "फ्लोरिडाच्या उन्हात निघालात का?" त्याने विचारलं. मी काकांना भाषांतर करून सांगितलं. "त्याला म्हणा, नागपूरला," काका म्हणाले.

सहा क्वार्ट, म्हणजे पावणेसहा लिटर तेल बदललं. त्या आठवड्यात हवा त्या मानाने उबदार होती. सिग्नलला काटा पंचवीसवर थांबू लागला. काका समाधानी दिसले. बॉनेट लावता लावता त्यांना पुढच्या जाळीतून लोंबणारी एक वायर दिसली. तिच्या टोकाला तीन पिनांचा प्लग होता. मी गाडी घेतली तेव्हापासून ती तशीच होती. गाडीला भिंतीतल्या विजेचं काय काम, हे दोघांनाही सुचलं नाही. काकांच्या मते ती काढून टाकलेल्या फॉग लाइटची असावी. त्यांनी प्लगवर काळी टेप गुंडाळली आणि वायर जाळीच्या आत नीट बांधून टाकली.

शनिवारी सकाळी चावी फिरवली तेव्हा स्टार्टरने एकदा घरघर केली, अर्धा फेरा मारला आणि थांबला. दुसऱ्यांदा त्याहून कमी. तिसऱ्यांदा नुसता टक् असा आवाज आला. मित्र कामासाठी आयोवाला गेला होता, आपली गाडी घेऊन. काका बाल्कनीतून ओरडले, "चावी सोडा! बॅटरी मराची!" आणि पाच मिनिटांत खाली आले. त्यांनी तेलाची पातळी पाहायची पट्टी बाहेर काढली. तेल टपकलं नाही. पट्टीला ते काकवीसारखं चिकटून राहिलं.

काकांनी पट्टी पुसून परत खोचली. मग म्हणाले, "आमच्याकडे असं नाही होत."

विमान कंपनीला फोन केला. तिथली बाई म्हणाली, निरोप देता येईल, लाउडस्पीकरवर, इंग्रजीत. मी नको म्हणालो. आईला आपलं नाव ऐकू आलं असतं आणि पुढचं काहीच कळलं नसतं. मग तिने खांब सोडला असता की नाही, हे सांगता येत नव्हतं.

सव्वासातला तळमजल्यावरच्या बाई कुत्रा घेऊन बाहेर आल्या. साधारण सत्तरीच्या, जन्म तिथलाच. इंजिन उघडं पाहून त्यांनी विचारलं, "प्लग लावला नव्हता का?"

"कशाला?" मी म्हणालो.

त्यांना वाटलं मी थट्टा करतोय. मग त्या वाकल्या, जाळीत हात घालून काकांनी बांधलेली वायर ओढून बाहेर काढली आणि टेप पाहिली. "ही कोणी गुंडाळली?"

काकांना प्रश्न समजला असावा. ते दुसरीकडे पाहू लागले.

ब्लॉकच्या आत हीटर बसवलेला असतो, बाई म्हणाल्या. तो इंजिनातलं पाणी तापवतो. इथे सगळे रात्रभर लावून ठेवतात. त्यांनी आपल्या खिडकीतून नारिंगी एक्स्टेन्शन वायर बाहेर सोडली. सात वाजून पंचवीस मिनिटांनी प्लग लागला. किती वेळ लागेल, या प्रश्नाला त्यांनी दोन उत्तरं दिली: एक तास, आणि, एवढं जाड तेल असेल तर देव जाणे.

काका ब्लॉकवर तळहात ठेवून उभे राहिले. दर दहा मिनिटांनी मी विचारत होतो आणि ते "अजून नाही" म्हणत होते. साडेआठला त्यांनी हातमोजा काढून पुन्हा हात लावला. "कोमट," ते म्हणाले. "बाळाच्या अंघोळीच्या पाण्याएवढं." आणखी पाऊण तास थांबलो. नऊ वाजून सतरा मिनिटांनी इंजिन दुसऱ्या प्रयत्नात सुरू झालं. वरून टकटक असा आवाज येत होता आणि काटा ऐंशीवर, म्हणजे शेवटच्या आकड्यावर, जाऊन टेकला होता. दाब इतका जास्त असणं चांगलं की वाईट? काका म्हणाले चांगलं. मग म्हणाले, माहीत नाही. तीन मिनिटांनी टकटक थांबली.

"मी पण येतो," काका म्हणाले आणि माझं उत्तर न ऐकता बसले.

विस्कॉन्सिनमध्ये बर्फ पडत होता. ताशी पन्नास-पंचावन्न मैलांच्या वर जाता येत नव्हतं. काका काट्यावर लक्ष ठेवून होते आणि बातम्या वाचाव्यात तसे आकडे सांगत होते. "साठ. साठ. पंचावन्न." मॅडिसनजवळ पेट्रोल भरायला थांबलो. पंपावर पाटी होती: इंजिन बंद करा.

"बंद नका करू," काका म्हणाले.

"पाटी आहे."

"पाटीला शिकागोला जायचं आहे का?"

मी बंद केलं. पेट्रोल भरलं, पैसे दिले. इंजिन लगेच सुरू झालं.

या इंजिनाबद्दल नक्की कळलं ते मार्चमध्ये. मिनियापोलिसच्या एका मेकॅनिकने ते जाड तेल काढून मॅन्युअलमधलं भरलं, इंजिन गरम केलं आणि दाब मोजायचं स्वतःचं गेज थेट ब्लॉकला जोडलं. गाडी उभी असताना त्याच्या गेजवर अठरा पौंड दाब होता. त्याच क्षणी डॅशबोर्डवरचा काटा नऊ दाखवत होता. दाब मोजून काट्याला कळवणारा छोटा भाग बिघडलेला होता. त्याने तो बदलला. इंजिनाला काही झालं नव्हतं. मी काकांना हे नागपूरला पत्राने कळवलं. त्यांचं उत्तर आलं, त्यात हवापाणी होतं, काट्याचा उल्लेख नव्हता.

पण त्या शनिवारी यातलं काहीच माहीत नव्हतं. इलिनॉयच्या टोल नाक्यांवर रांगेत गाडी थांबली की काका "बावीस, बावीस" म्हणत आणि मी घड्याळ पाही. पाच वाजले तेव्हा आम्ही अजून हायवेवर होतो. विमान वेळेवर उतरलं होतं की नाही हे कळायला मार्ग नव्हता. पाच वाजून तेवीस मिनिटांनी गाडी विमानतळाच्या पार्किंगमध्ये लागली. काका खाली उतरले नाहीत. इंजिन चालू ठेवून ते आतच बसले.

टर्मिनलमध्ये कस्टम्सच्या दारासमोर चार खांब होते. पहिला कोणता, हे कुठल्या बाजूने मोजायचं त्यावर होतं. मी पत्रात ते लिहिलं नव्हतं. दोन्ही टोकांचे खांब पाहिले. तिथे कोणी नव्हतं. आई मधल्या एका खांबाजवळ ट्रॉलीवर हात ठेवून उभी होती. तिथे येऊन तिला अर्धा तास झाला होता. एका गणवेशातल्या माणसाने दोनदा येऊन काही विचारलं होतं आणि तिने दोन्ही वेळा मान हलवून नाही म्हटलं होतं.

मी उशीर झाला म्हणून काही सांगू लागलो. ती म्हणाली, "कुठे उशीर? आठच मिनिटं झाली," आणि मनगट पुढे केलं.

तिचं घड्याळ निघाल्यापासून तिने बदललं नव्हतं. त्यात भारतातल्या पहाटेचे पाच वाजून आठ मिनिटं झाली होती. दारावरच्या घड्याळात पाच वाजून अडतीस.