पाणी हिरवं होण्याआधी

माझ्या नवऱ्याने बिल्डिंगच्या गच्चीवर गोल्डफिश पाळले ते हौस म्हणून नाही. अंबरनाथची त्याची कंपनी बंद पडली आणि माणूस घरी बसला. नुसता बसला. आधी निदान पेपर वाचायचा, मग तोही सुटला. मी शहाडच्या एका कारखान्यात ऑफिसात होते. संध्याकाळी घरी यावं तर हा सकाळी होता त्याच खुर्चीत. भांडावंसं वाटायचं, पण अंगात त्राण नसायचं. सासूबाई म्हणायच्या, "बसू दे गं. लई राबलाय."

उल्हासनगरला कॅम्पात शोभेचे मासे विकणारा एक सिंधी दुकानदार त्याच्या ओळखीचा होता. त्याने एक मादी आणि दोन नर हातात दिले. म्हणाला, "बच्चे बनाके ला भाई, सब मैं लेगा. टाइमपास भी होगा." झालं! गच्चीवर सिमेंटच्या दोन टाक्या चढल्या. शेजारपाजारचे कुरकुरले, मी कानाडोळा केला. घरातली ती खुर्ची रिकामी दिसायला लागली होती, मला तेवढं पुरे होतं.

माशांमध्ये सगळा खेळ वेळेचा असतो, हे मला त्याच्याकडून कळलं. थंडी पडली की मादी पहाटे जलपर्णीच्या मुळांवर अंडी घालते. पिल्लं निघतात ती पोटाखाली दोन-तीन दिवसांची शिदोरी घेऊनच. ती संपली की तोंडापाशी लगेच खाणं लागतं, तेही डोळ्यांना दिसणार नाही इतकं बारीक. असलं खाणं हिरव्या पाण्यात असतं. म्हणून दुसऱ्या टाकीत कोबीची पानं कुजवून, टाकी उन्हात ठेवून, पाणी आधीच हिरवं करायचं. अंडी लवकर पडली तर पाणी तयार नसतं. फार उशिरा पडली तर उन्हाळा येतो, पाणी तापतं. मधल्या दिवसांत जन्मलेली तेवढी जगतात.

"आणि बाकीची?" मी विचारलं.

"बाकीची जातात," तो म्हणाला, आणि जाळी धुवायला लागला.

ही घटका साधारण संक्रांतीच्या सुमाराला यायची. त्या वर्षी मात्र दिवाळीचे कंदील अजून खाली उतरले नव्हते, तोच अचानक गारठा पडला. मादी फसली. एका पहाटे अंडी घालून मोकळी झाली. मोठे मासे अंडी खातात म्हणून त्याने ते टबात काढून ठेवले. आणि मग आभाळ जे भरून आलं ते हटेचना. ऊन नाही, त्यामुळे दुसऱ्या टाकीतलं पाणी हिरवं होईना. नितळ पाणी बघून मला पहिल्यांदाच वैताग आला.

पिल्लं निघाली. टाकीच्या भिंतीला केसांचे तुकडे चिकटावेत तशी. नवरा तासन्‌तास वाकून बघायचा. "डोळे दिसतायत बघ!" म्हणायचा. किती दिवसांनी त्याचा आवाज चढलेला ऐकला मी. आपल्या हातून अजून काही उभं राहतं का, हे त्याला या पिल्लांवरून ठरवायचं होतं.

हिरवं पाणी नाही म्हटल्यावर एकच उपाय होता. उकडलेल्या अंड्याचा बलक फडक्यातून गाळायचा आणि दर थोड्या वेळाने चिमूटभर पाण्यात सोडायचा. जास्त झाला तर पाणी नासतं. हे तो स्वतः करणार होता. पण पिल्लं पोहायला लागली त्याच दिवशी बदलापूरच्या एका कारखान्यात त्याला मुलाखतीला बोलावलं. माझ्या रजा संपलेल्या. "तुम्ही जाच," मी म्हटलं. "माशांसाठी ही नोकरी घालवलीत तर मी माहेरी जाईन, सांगून ठेवते."

मग सासूबाई पुढे झाल्या. एका डोळ्यात मोतीबिंदू, दुसरा अधू. तरी म्हणाल्या, "मी बघते ल्येकरांकडं." त्याने त्यांचा हात धरून दाखवलं, एवढंच, आई, एवढीच चिमूट. त्या बोटं चाचपून म्हणाल्या, "एवढ्यानं कुणाचं पोट भरतं रं?" दुष्काळात पोरांना पातळ कण्या पाजून जगवलेली बाई ती. तो हसला. मीही हसले.

संध्याकाळी तो आला तो पेढे घेऊनच. नोकरी मिळाली होती. आम्ही दोघं तसेच गच्चीवर गेलो. सासूबाई टाकीशेजारी पोत्यावर बसलेल्या. बाजूला अंड्यांची टरफलं. पाणी ताकासारखं पांढरं झालेलं, वास सुटलेला. एकही पिल्लू हलत नव्हतं. सगळी तळाशी.

"हळू बोला," त्या म्हणाल्या. "दिसभर जेवली. आत्ताच निजलीत."

माझ्या तोंडातून काहीतरी निघणार होतं. इतका राग आला होता, कुणाचा ते कळत नव्हतं. आभाळाचा, त्या मादीचा, बदलापूरवाल्यांचा. नवऱ्याने माझं मनगट घट्ट धरलं. मग खाली बसून आईच्या तोंडात पेढा घातला. "निजू दे," म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या उठायच्या आत त्याने टाकी उपसली, घासली, उलटी घातली. मी डबे भरत होते. सासूबाई काठी टेकत गच्चीकडे निघाल्या, तेव्हा त्याने त्यांना जिन्यातच गाठलं.

"आई, दुकानदार घेऊन गेला सगळी."

"एवढ्या लवकर?" त्या तिथेच थांबल्या. "उपाशी तर न्हाई ना धाडलीस?"

"नाही आई," तो म्हणाला. "भरल्या पोटी गेली."