सुमनताईंनी दिलेला बाप्तिस्मा

"रविवारी मी बाळावर पुन्हा पाणी ओतणार नाही," मी म्हणालो.

फादर बेनेडिक्टनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. ते माझे वरिष्ठ, परदेशातून थिऑलॉजीची, म्हणजे धर्मशास्त्राची, डॉक्टरेट घेऊन आलेले. मी मुरबाडच्या मिशनमधला धर्मगुरू. ही गोष्ट नव्वदच्या दशकातली.

झालं होतं ते असं. जवळच्या धसई गावात लीना आणि आंतोन हे वसईकडचं शिक्षक जोडपं राहायचं. लीना सातव्या महिन्यातच बाळंत झाली. मूल निळं पडलेलं, रडेना. आंतोन जीप शोधायला पळाला होता. लीनाला हातही उचलवत नव्हता. बाळ बाप्तिस्म्याशिवाय जाऊ नये म्हणून तिने नर्सला विनवलं, "मी सांगते तसं म्हणा आणि बाळाचा बाप्तिस्मा करा." नर्स म्हणजे सुमनताई, तिथल्याच एका शेतकरी घरातल्या, हिंदू. त्यांनी वाटीभर पाणी बाळाच्या डोक्यावर ओतलं आणि लीनाने सांगितले ते शब्द म्हटले. मग जीप आली. बाळ कल्याणच्या हॉस्पिटलात काचेच्या पेटीत राहिलं, आणि जगलं.

आमच्यात मरणाच्या दारातल्या माणसाला कुणीही बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्ती करून घेण्याचा संस्कार, देऊ शकतं, ख्रिस्ती नसलेला माणूससुद्धा. खरं पाणी हवं, ठरलेले शब्द हवेत, आणि चर्च जे करतं तेच करायची इच्छा हवी. पाण्याला जुने पंडित मॅटर म्हणत, शब्दांना फॉर्म. एकदा झालेला बाप्तिस्मा पुन्हा देता येत नाही. हेच मी फादरांना सांगितलं.

"ही मध्ययुगातली भाषा आहे," फादर बेनेडिक्ट म्हणाले. "मेटॅफिजिक्सचे दिवस गेले. संस्कार ही श्रद्धावंतांच्या समुदायाची खूण असते. त्या खोलीत समुदाय कुठे होता? रविवारी सगळ्यांसमोर नीट करू."

मेटॅफिजिक्स म्हणजे, एखादी गोष्ट आपल्याला कशी वाटते ते बाजूला ठेवून ती मुळात काय आहे, याचा विचार. माझ्या मते दिवस त्याचे गेले नव्हते, त्याचा कंटाळा करणाऱ्यांचे आले होते.

दुसऱ्या दिवशी मी धसईला गेलो. सुमनताईंना एकेक विचारलं.

"पाणी ओतलं ना मी," त्या म्हणाल्या. "ती बोलली तसंच बोलले. समदा अर्थ नाय कळला. पन तुमच्यात जे करतात तेच करायचं होतं मला." मग म्हणाल्या, "आता तुमचे मोठे फादर बोलतात, ते झालंच नाय. मंग मी काय केलं, सांगा ना?"

लीना बाळाला घेऊन शेजारीच बसली होती. तीही माझ्याकडे बघत राहिली.

तसाच परत आलो आणि फादर बेनेडिक्टच्या खोलीत गेलो.

"फादर, आपण सगळ्यांनी अर्थ दिला म्हणून संस्कार होत असेल, तर आपण अर्थ काढून घेतला की तो जाणार. मग ते मूल मेलं असतं, तर लीनाला तुम्ही काय सांगणार होता?"

ते मग म्हणाले, "हा हट्ट आहे."

"आहे."

"आणि मी आदेश दिला तर?"

"तर तुम्ही ओता. मी विहिरीचं पाणी शेंदूनसुद्धा देणार नाही."

प्रकरण बिशपांकडे गेलं. त्यांनी सुमनताईंना बोलावून चहा दिला, मी विचारलेलंच पुन्हा विचारलं आणि म्हणाले, "बाप्तिस्मा झालेला आहे. राहिलेले विधी तेवढे करा."

रविवारी बाळाला तेल लावलं, पांढरं वस्त्र घातलं, मेणबत्ती पेटवली. सुमनताई नवऱ्याला घेऊन पहिल्या बाकावर बसल्या होत्या. फादर बेनेडिक्टही आले आणि त्यांनी बाळाला आशीर्वाद दिला. वर्ष संपायच्या आत माझी शहापूरला बदली झाली. बदलीचं कारण कुणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

नवी थिऑलॉजी जरूर वाचावी, मी अजून वाचतो. फक्त एखाद्या गोष्टीचा अर्थ काय, यावर भांडायच्या आधी ती घडली का, एवढं चौकशी करून यावं. धसईला एसटी जाते.