शिंदे सरांना जांभई येत नाही

मानसशास्त्राच्या स्टाफरूममध्ये किस्से जमवावे लागत नाहीत. वर्गात शिकवलेलं टेबलावर येऊन आमच्याच अंगाशी येतं. बरेचसे हसवतात, एकासाठी मी अजून मनातल्या मनात आभार मानते.

*

एकदा मी वर्गात नकळत होणारी नक्कल शिकवत होते. दाखवायला म्हणून मुद्दाम जांभई दिली. बघता बघता अख्खा वर्ग जांभया द्यायला लागला. नेमके तेव्हाच प्राचार्य दारात. म्हणाले, "मॅडम, जरा इंटरेस्टिंग शिकवत जा."

*

सायकोपाथ स्वभावाच्या माणसाला दुसऱ्याची जांभई सहसा लागत नाही, असं म्हणतात. त्याची सहानुभूती कमी पडते. आम्ही चहा पिता पिता एकमेकांना तपासलं. सगळ्यांना लागली. पाचोडचे शिंदे सर मात्र कोरडे.

"सर, तुम्ही सायकोपाथ," जोशी मॅडमनी जाहीर केलं.

"झोप आली नाय तर तोंड कशाला उघडू?" सर म्हणाले.

*

जोशी मॅडम म्हणजे दुसरं टोक. समोरचा जसा बोलेल, तशा त्या नकळत बोलतात. एकदा रिक्षावाला अडखळत बोलणारा निघाला. थोड्या वेळानं मॅडमही अडखळायला लागल्या. त्यानं रिक्षा बाजूला घेतली.

"म-मजाक उडा रै क्या मेरा?"

"न-नाही हो भाऊ," मॅडम रडकुंडीला आल्या.

सिडको येईपर्यंत दोघं अडखळत एकमेकांची समजूत काढत होते.

*

एका सहकाऱ्याचे वडील गेले. आम्ही फुलंब्रीला भेटायला गेलो. त्याच्या आईला बघून सगळेच रडलो. शिंदे सरांच्या डोळ्यांत मात्र टिपूस नाही. ते तिच्याजवळ जाऊन बसले.

"मावशी, सकाळची शुगरची गोळी घेतली का?"

घेतली नव्हती. घरात कुणाच्या ध्यानातच नव्हतं.

*

मागच्या वर्षी एका सकाळी माझ्या चेहऱ्याची उजवी बाजू लुळी पडली. डॉक्टर म्हणाले, बरं होईल, पण वेळ लागेल. तशीच कॉलेजला जायला लागले. माझ्याशी बोलताना प्रत्येकाचं तोंड नकळत वाकडं व्हायचं. जोशी मॅडमचं तर सगळ्यांत जास्त. त्यांच्या मनात वाईट काही नाही, हे मीच तर शिकवते. तरी प्रत्येक चेहऱ्यावर मला माझंच तोंड दिसायचं. मी रिकाम्या वर्गात एकटीनं डबा खायला लागले.

एक दिवस शिंदे सर तिथं आले. समोर बसून डबा उघडला. चेहरा नेहमीसारखा, सरळ. गावाकडच्या म्हशीबद्दल बोलत राहिले. कित्येक दिवसांनी मी कुणाच्या तरी तोंडाकडं बघून बोलत होते.

मधेच ते थांबले.

"मॅडम, उजवीकडून वरण सांडतंय. डावीकडून खा."

मी हसले. अर्ध्या तोंडानं जेवढं हसता येतं तेवढं.

दुसऱ्या दिवशी मी डबा घेऊन स्टाफरूममध्ये गेले.