मालकांच्या चपला

आमच्या मालकांचं नाव आनंदराव. बायकोनं घ्यायचं नसतं, पर सांगितल्याबिगर तुम्हाला कळायचं कसं? आमच्या खुटबाव गावात सगळी त्यांना आबा म्हणत्यात. कारखान्यात फिटर होते, रिटायर होऊन आठ वर्सं झाली. ह्या आठ वर्सांत घरातला एक नळ त्यांनी धड बसवला आसंल तर शपथ. काय म्हणायला गेलं की, "सरू, घरचं काम हाय, पळून जातंय व्हय?"

माझ्या सासऱ्यांची, हरिबांची, जुनी ठासणीची बंदूक हाय त्यांच्याकडं. लायसनची. इलेक्शन आलं की ती पोलीस स्टेशनात जमा करावी लागती, तवा लेक सासरी धाडल्यागत तोंड करून बसत्यात. वर्साकाठी एखादा बार निघतो, तोबी फॉरेस्टचा परवाना आला तरच. पर एकदा निघाला की दुसरा लागत न्हाई, ही त्यांची ऐट. मी म्हणायची, "एवढा नेम जरा नळावर धरा की!"

यंदा रानडुकरांनी पोपटभाऊजींची मका पार नांगरून टाकली. पोपटभाऊजी म्हंजी आमचे शेजारचे बांधकरी. त्यांनी खेटे घालून परवाना काढला, आन् एक दिवस उजाडायला मालक बंदूक घेऊन बांधावर बसले. मी गोठ्यात धार काढत होते, तवाच बार ऐकला. घरी आले ते बंदूक कोपऱ्यात ठेवून नुसतेच उभे. मी म्हणलं, "चहा टाकू का?" तर म्हणले, "लागलं त्याला. पर पडलं न्हाई. उसात घुसलं."

रक्ताचे थेंब पाटापतूर होते, पुढं पाण्यात सगळं मिटलेलं. दिवसभर दोघं हिंडले, काय सापडलं न्हाई. संध्याकाळी पोपटभाऊजी नारळ घेऊन आले, "आबा, ब्याद गेली बघा," म्हणाले. मालक खेकसलेच त्यांच्यावर. "मारलं न्हाई रं मी त्याला! नुसतं मोडून ठेवलंय. नारळ कशाचा आणतोस?" बिचारे भाऊजी नारळ घेऊन तसंच माघारी गेले. मला त्यांचं वाईट वाटलं, आन् खरं सांगायचं तर नारळाचंबी वाटलं.

मग मालकांनी पायातल्या चपला काढल्या आन् उंबऱ्याच्या आत भिंतीला टेकवून उभ्या केल्या.

ही हरिबांची रीत. घायाळ जनावर मागं राहिलं तर ते सापडंस्तवर पायात काय घालायचं न्हाई. ते काट्याकुट्यात लंगडत फिरणार आन् आपुन चपला घालून रुबाबात चालायचं, हे बरं दिसत न्हाई, आसं सासरे म्हणायचे. पर सासऱ्यांना शुगर नव्हती! ह्यांना हाय, बारा वर्सांपासनं. गेल्या साली आंगठ्याला साधं खरचटलं, तर दोन महिने दौंडच्या डॉक्टरकडं ड्रेसिंगला हेलपाटे घातले. डॉक्टर म्हणले होते, "पुन्हा असं झालं तर बोट काढावं लागेल, पाय जपा." आन् हे तोडलेल्या उसाच्या रानात अनवाणी! कोयत्यानं तिरकी छाटलेली खोडं असत्यात तिथं, बैलसुदिक जपून पाय टाकतो. मी रडले, भांडले, दोन दिवस अबोला धरला. अबोल्याचा काय उपयोग झाला न्हाई, उलट त्यांना निवांतच वाटलं आसंल.

त्याच आठवड्यात ऊसतोडीची टोळी त्या रानात उतरली. रोज सकाळी मालक त्यांना सांगायचे, "आत घायाळ डुक्कर आसंल, आंगावर येईल, बेतानं कोयता घाला." आन् बांधावर बसून राहायचे. ऊस तुटत जाईल तसं आतलं जनावर मागं मागं सरकतं, शेवटच्या पट्टीत गोळा होतं. त्या पट्टीची वाट बघत बसायचे. मला म्हणायचे, "सापडलं तर एका बारात सोडवीन गं त्याला. तसंच ठेवलंय मी, त्याचं पाप हाय." एवढा गडी माणूस, पर अर्ध्या भाकरीवरनंच उठायचे.

नवव्या दिवशी मी त्यांचे पाय धुवायला बसले. तळव्याखाली बोटाला काय तरी टोचलं. बाभळीचा काटा, चांगला बोटाच्या पेराएवढा, आत मोडलेला. भोवतीनं पांढरं झालं होतं. "आवं, हे कवा?" तर तेच वाकून बघाया लागले. शुगरनं तळवे बधिर, त्यांना ठावंच नव्हतं! त्या डुकराचं दुखणं ह्यांना रात न् दिस कळतंय, आन् स्वतःच्या पायात काटा मोडलेला कळला न्हाई. मी काटा काढला, चुलीकडं तोंड करून रडून घेतलं आन् ठरवलं, आता खोटं बोलायचं. चाळीस वर्सांत ह्यांच्याशी खोटं बोलले नव्हते. लाडवाचा डबा लपवते, ते सोडून द्या.

माझी भाची मोनाली नदीकाठच्या वस्तीवर दिलीया. तिला फोन लावला. "काकांना सांग, तुमच्याकडं डुक्कर मरून पडलेलं सापडलं, फॉरेस्टवाल्यांनी पुरून टाकलं."

"मावशी, आन् त्यांनी काय विचारलं तर?"

"काय विचारत्यात? डुकराचं आडनाव?"

संध्याकाळी तिचा फोन आला, मी स्पीकरवर टाकला. पोरीनं झकास सांगितलं. मालकांनी सगळं ऐकून घेतलं आन् हळूच विचारलं, "बाळ, लागलं कुठं होतं त्याला?" मोनाली गप. मी पटदिशी म्हणलं, "मागच्या उजव्या पायाला म्हणत होती की मगाशी!"

मालक माझ्याकडं बघत राहिले. मग म्हणले, "व्हय. मागच्या उजव्याच पायाला." उठले, चपला घेतल्या, पायात सरकवल्या आन् अंगणात चार पावलं चालून आले. मी देवापुढं साखर ठेवली. म्हणलं, सरूबाई, जमलं बरं का!

चार दिवस बरे गेले. पायबी भरून आला. मालक सकाळी चपला घालून "फिरून येतो" म्हणून जायचे. पाचव्या दिवशी शेवटची पट्टी पडणार होती, म्हणून मी टोळीला चहा घेऊन गेले. दोन ससे निघाले, एक रानमांजर निघालं, मग पलीकडचं मोकळं रानच दिसाया लागलं. नकुशी म्हणून एक बाई हाय टोळीत, ती कोयता टेकून म्हणाली, "मावशी, न्हाईच निघालं. आबा तर सकाळीच बजावून गेले, पुढचा डावा खांदा फुटलेला हाय, लंगडत आसंल, दिसलं की हाक मारा."

"सकाळी? आज?"

"रोजच सांगत्यात की. आता वरच्या रानातल्या टोळीला सांगाया गेल्यात."

मी किटली घेऊन तिथंच उभी. पुढचा डावा खांदा. म्हंजी माझं खोटं त्यांना त्याच घटकेला कळलं होतं. बायको का खोटं बोलली हेबी कळलं होतं, आन् बापाची रीत मोडून माणसानं माझ्यासाठी चपला घातल्या होत्या. मला लाजबी वाटली आन् त्यांची मायाबी आली, दोन्ही एकदमच.

दुपारी ते घरी आले, तांब्याभर पाणी प्याले आन् पुन्हा निघाले. मी माझ्या चपला काढल्या आन् उंबऱ्याच्या आत भिंतीला टेकवून उभ्या केल्या.

"हे काय, सरू?"

"रीत मोडायची न्हाई. तुमच्या वाटची मी पाळते."

"आगं, काटे हायती रानात."

"आसू द्यात. मला टोचलेले कळत्यात." मी पदर खोचला. "चला. पुढचा डावा खांदा ना?"

मालक आयुष्यात पहिल्यांदा माझ्या पुढं न चालता बरोबरीनं चालाया लागले.